यवतेश्वरचा घाट पुढच्या वर्षी

पत्र (संक्षिप्त) : मॅडम, मी माण तालुक्यातील एका खेड्यातली, वय २१. साताऱ्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते आणि शाहू स्टेडियमवर सराव करते. १५०० आणि ५००० मीटर हे माझे प्रकार. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा तेरावे उरकून चौदाव्या दिवशी मी ग्राउंडवर होते. आई मजुरीला जाते. गेल्या हिवाळ्यात खोकला लागला, वजन ४६ वरून ३९ किलोवर आले आणि फुप्फुसाचा टीबी निघाला. आता उपचारांचा तिसरा महिना चालू आहे. दोन महिन्यांनंतर थुंकी निगेटिव्ह आली, ताप-खोकला गेला. गोळ्यांनी मळमळते म्हणून मागच्या आठवड्यात चार दिवस घेतल्या नाहीत आणि त्या चार दिवसांत अंग अगदी हलके वाटले. म्हणून एका पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला गेले. थोडे वर गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. खोलीतल्या मुलींना आजार माहीत नाही. चुलत्यांनी स्थळ आणले आहे आणि आई म्हणते, आजाराचे कुठे बोलू नकोस. आमचे सर म्हणाले, टीबी झालेल्याचा दम परत येत नाही. आजारापूर्वी सात-आठ महिने पाळी बंद होती, पण सराव चांगला चालला की तसे होते, असे सगळ्या म्हणतात. चार महिन्यांनी पोलीस भरतीचे ग्राउंड आहे. आजवर जे सोसले ते पळण्याच्या जोरावर सोसले. तेच गेले, तर मी कशाच्या जोरावर उभी राहू? – तुमची न पाहिलेली विद्यार्थिनी

उत्तर :

प्रिय मुली,

पत्राखाली तू स्वतःला माझी विद्यार्थिनी म्हटले आहेस, म्हणून ‘तुम्ही’ न म्हणता ‘तू’ म्हणते. तुझा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि त्याच्याकडे मी येणार आहे. परंतु त्याआधी तुझ्या पत्रातील एका वाक्याने मला रात्री नीट झोप लागू दिली नाही. चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, हे ते वाक्य. हे पत्र वाचत असशील तेव्हा ते बाजूला ठेव, आजची गोळी घेतली नसेल तर घे आणि मग पुढे वाच.

गोळ्या बंद केल्यावर अंग हलके वाटले, हे खरे असणार, आणि त्यातच धोका आहे. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे मिळून वाढत असलेल्या जंतूंचा फडशा पाडतात, त्यामुळे ताप उतरतो, खोकला थांबतो आणि थुंकीत जंतू दिसेनासे होतात. परंतु काही जंतू शरीरात निपचित पडून राहतात, आणि त्यांचा शेवट करण्यासाठीच पुढचे चार महिने तीन औषधे दिली जातात. या टप्प्यावर रोग्याला आपण बरे झालो असे वाटते, आणि नेमके याच टप्प्यावर लोक गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि औषधाचा अर्धवट मार खाऊन तगलेले जंतू पुढे त्या औषधांना दाद देत नाहीत. तसे झाले की अधिक कडक औषधे, अधिक त्रास आणि कधी कधी वर्ष-दीड वर्षाचे उपचार मागे लागतात. तू ५००० मीटर धावतेस. साडेबारा फेऱ्यांतील सहाव्या फेरीला पुढे असलेल्या मुलीने ट्रॅक सोडून तंबूत येऊन बसावे, तसे हे झाले. चुकलेल्या चार दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नकोस. उद्या सकाळी जिथून औषध मिळते तिथे जाऊन दिवस चुकल्याचे स्पष्ट सांग; ते तुला रागावतील, कदाचित उपचाराचे दिवस वाढवतील, पण ते त्यांना कळलेच पाहिजे.

मळमळीचेही तिथेच सांग. गोळ्यांची वेळ बदलून, थोड्या हलक्या खाण्यासोबत गोळ्या देऊन किंवा मळमळीचे औषध जोडून पुष्कळदा मार्ग निघतो, मात्र तो डॉक्टरांनी काढायचा आहे, आपण नव्हे. पहिल्या दोन महिन्यांत तुझे गुडघे-घोटे ठणकत होते का, हे तू लिहिलेले नाहीस. ठणकत असतील, तर तो पायांचा दोष नसून चार औषधांपैकी पायराझिनामाइड या एका औषधाने रक्तातील युरिक ॲसिड वाढते त्याचा परिणाम असू शकतो, आणि ते औषध साधारणपणे दोन महिन्यांनंतर थांबते. तळपायांना मुंग्या येत असतील तर तेही सांग, कारण त्यावर बी-६ जीवनसत्त्वाची साधी गोळी असते. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, तिला घाबरायचे कारण नाही. पण डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासना पार उडाली किंवा नजर अंधूक झाली, रंग ओळखताना गोंधळ होऊ लागला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

आता खोलीतल्या मुली. मला तुझी भीती समजते. भांडी वेगळी करतील, खोली सोडायला सांगतील, ग्राउंडवर कुजबुज होईल, हे सारे तुझ्या मनात येऊन गेले असेल. परंतु खोकला सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत त्या दोघी तुझ्याबरोबर बंद खिडकीच्या एकाच खोलीत झोपत होत्या, आणि हा आजार हवेतून पसरतो. योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो, त्यामुळे आज त्यांना तुझ्यापासून फारशी भीती नाही. पण त्या आधीच्या दिवसांसाठी त्यांची तपासणी व्हायला हवी, आणि गरज असेल तर आजार होऊ नये म्हणून त्यांना प्रतिबंधक औषधही मिळू शकते. तुझ्या आईचीही तपासणी व्हायला हवी. ताट-वाटी, कपडे किंवा स्पर्श यांनी क्षय पसरत नाही, हे तूच त्यांना सांग. स्वतः बोलणे जड जात असेल तर आरोग्य केंद्रातील ताईंना सोबत घे; त्यांना हे बोलण्याची सवय असते. या बाबतीत मी तुझी बाजू घेणार नाही. तुझी लाज आणि त्या दोघींची फुप्फुसे यांत मला निवड करावी लागली, तर ती मी केलेली आहे.

यवतेश्वरच्या घाटाविषयी वाचताना मला माझे विसावे वर्ष आठवले. मी तेव्हा सांगलीत शिकत होते आणि ८०० मीटर धावत होते. त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. ताप उतरून चौथा आठवडा लागत होता, तेवढ्यात स्पर्धा आली. आमच्या मार्गदर्शकांनी खोलीच्या दारात उभे राहून विचारले, “ताप उतरला ना? मग चल.” मीही निघाले, कारण नाही म्हणणाऱ्या मुली मला कच्च्या वाटत असत. मुरमाचा ट्रॅक होता, कडेला फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. शेवटच्या वळणावर पाय आपले वाटेनासे झाले, आणि डोळे उघडले तेव्हा ती पांढरी रेघ माझ्या गालाला चिकटलेली होती, तोंडात मुरमाची कचकच होती आणि वरून कुणीतरी ‘उठ, उठ’ म्हणत होते. मी उठले आणि शर्यत पूर्ण केली. टाळ्याही मिळाल्या. त्यानंतर ताप उलटला, मला पुन्हा अंथरूण धरावे लागले आणि पुढचे संपूर्ण वर्ष गेले. त्या टाळ्यांना मी बरीच वर्षे जिद्दीची पावती समजत होते. पुढे स्वतः शिक्षिका झाले, माझ्या ग्राउंडवर तापातून उठलेल्या मुली येऊ लागल्या, तेव्हा मला कळले की त्या दिवशी दारातच ‘नाही’ म्हणणे हे त्या दोन फेऱ्यांपेक्षा अवघड होते, आणि ते मला जमले नव्हते.

दुखापत सोसून लढणाऱ्या खेळाडूची छायाचित्रे आपण सारेच जपतो. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. चहा-पानाची टपरी चालवणाऱ्या बापाच्या या मुलाचे सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले, आणि दुखावलेल्या कोपरासह तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला, हे आपल्या भागातील प्रत्येक पोराला ठाऊक आहे. त्या धैर्यापुढे मी मान तुकवते. परंतु त्यानंतर त्याला कोपराच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले, आणि त्या पुढच्या महिन्यांची छायाचित्रे कुणी भिंतीवर लावत नाही. शिवाय तो ऐन स्पर्धेतला एक क्षण होता. तू पहाटेच्या अंधारात, गोळ्या बंद असताना, कुणालाही न सांगता घाटात गेलीस. तिथे पडली असतीस तर उजाडेपर्यंत कुणाला कळले नसते.

तुझ्या सरांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांचे वाक्य चुकीचे आहे. क्षयाने फुप्फुसाचा मोठा भाग खराब झाला असेल आणि त्यावर व्रण राहिले असतील, तर दम काहीसा कमी राहू शकतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण हे कुणाच्या बोलण्यावरून ठरत नसते. उपचार पूर्ण झाल्यावर एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी, या दोहोंवरून डॉक्टर ते सांगू शकतात. आज तुला लागणारी धाप केवळ फुप्फुसाची नाही. तुझे सात किलो वजन गेले आहे, त्यात स्नायू गेले आहेत, आणि कित्येक आठवडे सराव नाही. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले होते. त्यांना कोणताही आजार नव्हता, तरीही त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. मात्र नंतरच्या सुमारे आठ आठवड्यांच्या पद्धतशीर सरावाने ती परत आली. ते तरुण निरोगी होते आणि तू आजारातून उठते आहेस, त्यामुळे त्यांचे आठ आठवडे तुला लागू करू नकोस. परंतु पडून राहिल्याने गेलेला दम आणि कायमचा गेलेला दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मनात पक्के ठेव.

परतीची वाट कशी असावी, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते; पहिले पाऊल मात्र डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्यावरच टाकायचे. एक साधी वही घे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडीचे ठोके मोज आणि लिही. लांब पल्ल्याच्या मुलींची नाडी बहुधा पन्नास-साठच्या घरात असते. तुझी आज बरीच वर असेल, आणि ती आठवड्याआठवड्याने खाली येताना दिसेल. एखाद्या सकाळी ती नेहमीपेक्षा दहा ठोक्यांनी वर दिसली, तर त्या दिवशी विश्रांती; हा माझा जुना ठोकताळा आहे आणि त्याने मला क्वचितच फसवले आहे. दर सोमवारी वजन लिही. वेळेची नोंद मात्र करू नकोस, स्टॉपवॉच गावी आईच्या ट्रंकेत ठेवून ये. सुरुवात सपाट जमिनीवर वीस मिनिटे चालण्याने कर, आणि सोबत कुणीतरी असू दे. चालताना सोबतिणीशी पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले, तर वेग बरोबर आहे. दोन आठवडे हे सहज जमले की दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट अगदी हळू धावणे, असे आलटून पालटून कर. स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे बूट, इंटरव्हल म्हणजे थांबून थांबून वेगाने पळणे आणि चढ, यांतले काहीही उपचार संपेपर्यंत नाही. शेजारून तुझ्याच बॅचच्या मुली सपासप निघून जातील, ते पाहणे तुला चालण्यापेक्षा जड जाईल. म्हणून पहिला महिना ग्राउंडवर जाऊच नकोस, एखाद्या शांत सपाट रस्त्याने चाल. यवतेश्वरचा घाट कुठे पळून जात नाही, सातारा हिल मॅरेथॉनची गर्दी त्या वाटेने दर वर्षी जातेच आहे. तो घाट पुढच्या वर्षी.

पाळीविषयी तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला मात्र वाटते की तुझ्या आजाराची गोष्ट खोकल्याच्या आधी, तिथूनच सुरू होते. सराव चांगला चालला की पाळी बंद होते, हे ग्राउंडवरचे बोलणे मी चाळीस वर्षे ऐकते आहे, आणि ते साफ खोटे आहे. शरीराला जितके इंधन लागते तितके मिळेनासे झाले की ते आधी अशी कामे बंद करते, ज्यांच्यावाचून आजचा दिवस निभावतो. पाळी हे त्यातले एक. त्यापाठोपाठ हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात, आणि रोगाशी लढण्याची ताकद खालावते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही २०१४ पासून खेळाडूंमधील या ऊर्जेच्या तुटीकडे गंभीर दुखणे म्हणून लक्ष वेधले आहे. खोलीचे भाडे, बुटांचे पैसे आणि मेसचा डबा यांच्या ओढाताणीत तू कशावर काटकसर केलीस, हे मला विचारावे लागत नाही. आणि हलके शरीर जास्त पळते, असेही कुणीतरी सांगितले असेलच. कुपोषण आणि क्षय यांचे नाते फार जवळचे आहे. झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासात क्षयरोग्यांच्या कुटुंबांना जादा धान्य आणि डाळ पुरवली, तेव्हा घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या पोटभर अन्नाने एवढे होते.

म्हणून येत्या चार महिन्यांतला तुझा खरा सराव ताटातला आहे. त्यासाठी बाजारातील महागड्या पावडरींचे डबे नकोत. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, दोन अंडी, पेलाभर दूध आणि तुमच्या माणदेशातले हुलग्याचे माडगे एवढ्यावर तुझे गेलेले किलो परत येतील. आई माडगे करत असेल तर थोडे हुलग्याचे पीठ सोबत घेऊन ये. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. ते येत नसतील तर आधार आणि खात्याची नोंद केंद्रावर तपासून घे, किंवा १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचार. ते पैसे गावी पाठवू नकोस. ते तुझ्या ताटासाठी आहेत. वजन परत आल्यावरही दोन-तीन महिन्यांत पाळी सुरू झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, आणि आजाराचा सर्व इतिहास त्यांना सांग.

भरतीचे थोडक्यात सांगते. ग्राउंड येईल तेव्हा तुझे उपचार नुकतेच संपत आलेले असतील किंवा संपलेले असतील. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांसाठी तेव्हा शरीर तयार आहे की नाही, हे डॉक्टर त्या आठवड्यात सांगतील. आज त्याचा ध्यास घेऊ नकोस. अर्ज जरूर भर. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. मैदान पार केल्याशिवाय लेखीपर्यंत पोहोचता येत नाही हे खरे, पण बसून करायचा अभ्यास आज, या खोलीत, नाडी न वाढवता होऊ शकतो. खुल्या प्रवर्गालाही वयाची मर्यादा २८ वर्षांपर्यंत आहे आणि तू २१ ची आहेस. एक भरती हुकली तर हुकू दे.

स्थळाच्या बाबतीत आईवर रागावू नकोस. नवरा गेलेल्या बाईला मुलीच्या नावाला बट्टा लागण्याची केवढी धास्ती असते, हे मी गावोगावी पाहिले आहे. तरीही लपवण्याचा तिचा सल्ला मानू नकोस, आणि उपचार पूर्ण होईपर्यंत लग्नाला उभी राहू नकोस. नव्या घरात गोळ्या लपवून घ्याव्या लागतात आणि लपवून घ्यायच्या गोळ्या चुकतात, हे त्यामागचे अगदी रोकडे कारण आहे. उपचार चालू असताना गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे दुसरे. क्षय रक्तातून पिढीजात येत नाही, आणि तो पूर्ण बरा झालेली मुलगी लग्न करू शकते, तिला मुले होऊ शकतात, हे चुलत्यांना तू सांगितलेस तर ते ऐकणार नाहीत. म्हणून पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. आपल्याकडे पोरीच्या शब्दापेक्षा डॉक्टरच्या शब्दाला किंमत आहे. ही गोष्ट मला आवडत नाही, पण आज ती तुझ्या उपयोगाची आहे. पुढे कधी लग्न ठरायची वेळ आली, तर आजाराचे आधीच सांग. ऐकून जो माघारी फिरेल, तो फिरू दे.

आणि आता तुझा शेवटचा प्रश्न. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यांचे कमरेखालचे बळ गेले. बॉक्सिंग गेले ते गेलेच. ते कधी परत आले नाही, आणि तसे ते येईल अशी खोटी आशाही त्यांना कुणी दाखवू शकत नव्हते. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेही जागतिक विक्रमासह, आणि ते भारताचे पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण ठरले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. लोक १९६५ सांगतात आणि लगेच १९७२ सांगतात. मी मात्र मुलींना नेहमी त्यामधली सात वर्षे मोजायला लावते. ज्या पायांवर ठोसे झेलत उभे राहायचे ते पाय नाहीत, आणि तरी रोज ठरलेल्या वेळी पाण्यात उतरायचे, पहिल्या दिवशी अवघे काही हात, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे अधिक. बॉक्सरचा हा शिरस्ता पोहणाऱ्याच्या कामी आला असणार, असे मला मनापासून वाटते. तुझ्याच माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबरने मॅरेथॉनमध्ये नाव मिळवल्यावर ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची वाट धरली, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे प्रशासकीय सेवेत गेली. प्रकार बदलला, पुढे ट्रॅकही सुटला, पण आजही माणमधल्या पोरी तिचेच नाव घेऊन पळायला लागतात.

तू लिहितेस की सारे काही पळण्याच्या जोरावर सोसलेस. चौदाव्या दिवशी तू ग्राउंडवर होतीस, हे पाहून तुझ्या सरांनी तेव्हा तुझी पाठ थोपटली असेल. मला मात्र तिथे थांबावेसे वाटले. मुली, तू वडिलांसाठी रडलीस का? पळताना मनात काही येत नाही, आले तरी वळणावर मागे पडते, म्हणून आपल्यासारख्यांना पळणे इतके गोड लागते. आता तीन महिने पाय थांबले आहेत, तर जे मागे टाकले होते ते खोलीत येऊन बसले असेल. घाटात तू दम परत आणायला गेली होतीस की त्याच्यापासून दूर जायला, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा आईजवळ बसून वडिलांविषयी बोल. ती तुझ्यासाठी गप्प आहे आणि तू तिच्यासाठी. रात्री झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले किंवा नुसते कुणाशी बोलावेसे वाटले, तरी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

वहीत पहिल्या पानावर आजची तारीख घाल आणि तिच्यासमोर ‘गोळी घेतली’ एवढेच लिही. नाडी उद्यापासून. शेवटचा थुंकीचा रिपोर्ट हाती येईल तेव्हा त्या वहीतली पाने मला पाठव, मी ती एकेक वाचणार आहे. खोलीतल्या दोघींशी मात्र आजच बोल. त्यांना तपासणीला घेऊन जाताना सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते.